वऱ्हाडची शकुंतला आणि आपण

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या मध्ये मूर्तिजापूर हे जंक्शन आहे. जलद गाडीतून प्रवास करणाऱ्याचे तिकडे फारसे लक्ष जात नाही. परंतु याच ठिकाणाहून एकेकाळी दोन चिमुकले लोहमार्ग निघत. एक दक्षिणेस कारंजा, दारव्हा करीत 113 किलोमीटरवरील यवतमाळला जाई, तर दुसरा उत्तरेस लाखपुरी, बनोसा, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट अशी गावे घेत 76 किलोमीटरवरील अचलपूरला पोहोचे. या मार्गांवरून धावणाऱ्या गाडीला वऱ्हाडातील लोकांनी ‘शकुंतला’ हे नाव दिले आणि ते तिला कायमचे चिकटले. आज ती गाडी धावत नाही. रुळांवर गवत आणि बाभळी माजल्या आहेत. तिचा इतिहास सांगावा आणि त्या निमित्ताने आपल्या सर्वांपुढे एक प्रश्न ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असे आपल्याकडे म्हणतात. हे सोने पांढरे होते. 1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. 1861 ते 1865 या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशरच्या गिरण्या ओस पडू लागल्या, आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची दृष्टी आपल्या काळ्या मातीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी सरकारने कापूस आयुक्त नेमला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे त्या पदावरील अधिकारी होते. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या शाखामार्गाचे उद्घाटन झाले. बैलबंड्यांच्या रांगांनी येणारा कापूस आता जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबून, गाठी बांधून, आगगाडीने मुंबईच्या बंदराकडे जाऊ लागला.

परंतु मुख्य मार्गापासून दूर असलेल्या यवतमाळ, दारव्हा, दर्यापूर, अचलपूर या भागांतील कापूस स्थानकापर्यंत आणायचा कसा? पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बैलांच्या गुडघ्यापर्यंत येई आणि चाके रुतत. या अडचणीवर उपाय म्हणून मुंबईच्या किलिक, निक्सन अँड कंपनी या व्यापारी पेढीने पुढाकार घेतला. 1857 मध्ये स्थापन झालेल्या या पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे हे दोन्ही मार्ग पूर्ण झाले. याच कंपनीचा पुलगाव ते आर्वी हा 35 किलोमीटरचा आणखी एक मार्ग वर्धा जिल्ह्यात होता.

या मार्गांच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर होते. मुख्य मार्गाचे हेच अंतर 1676 मिलिमीटर असते. अरुंद मार्ग निवडण्याचे कारण सरळ होते. हलके रूळ, लहान पूल, कमी भराव आणि म्हणून कमी खर्च. मात्र या काटकसरीतच पुढच्या दुखण्याचे बीज होते. अरुंद मार्गावरचा डबा मुख्य मार्गावर जाऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवून हमालांनी दुसऱ्या गाडीत चढवावी लागे. स्पर्धेत केवळ बैलगाडी होती तोवर हे खपून गेले. डांबरी रस्ते आणि मालमोटारी आल्यावर व्यापाऱ्याला आपल्या दारातून माल थेट पाठवता येऊ लागला, आणि जिच्यासाठी ही गाडी जन्माला आली ती कापसाची गाठच तिच्यापासून दुरावली.

या मार्गाच्या मालकीची कथा अनेकदा अतिरंजित करून सांगितली जाते. वस्तुस्थिती अशी की, कंपनीने मार्ग बांधला आणि करारान्वये तो चालवण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेकडे सोपवले. 1951 मध्ये मध्य रेल्वेची स्थापना झाली तेव्हा ते काम तिच्याकडे आले. मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. ‘स्वतंत्र भारत अजून इंग्लंडला भाडे भरतो’ हे वाक्य आपण कितीदा ऐकले असेल! परंतु किलिक, निक्सन ही पेढीदेखील स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांच्या हाती गेली, हे तेव्हा सांगितले जात नाही. इतिहास लिहिताना संतापाइतकीच अचूकताही पाळावी लागते. या दुहेरी व्यवस्थेचा परिणाम मात्र खरोखरच वाईट झाला. मालक एक आणि चालवणारा दुसरा, अशा स्थितीत रुळांवर मोठा खर्च करण्याची घाई कोणालाच नव्हती.

तरीही गाडी चालत राहिली. 1921 साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षे या मार्गावर राबले. 15 एप्रिल 1994 रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. मी नवा धर्मगुरू म्हणून या भागात आलो तेव्हा डिझेलचाच काळ होता. मिस्सेच्या साहित्याची छोटी पेटी मांडीवर घेऊन मूर्तिजापूरहून अंजनगावकडे केलेला प्रवास मला आठवतो. अचलपूरपर्यंतच्या 76 किलोमीटरना चार तास लागत. फाटक आले की गाडी थांबे, तिच्यावरचाच कर्मचारी खाली उतरून फाटक बंद करी, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा चढे. तिकिटेही गार्डच देई. डब्यात सरकीची पोती, कोंबड्या, माहेरी निघालेल्या लेकी आणि शाळकरी मुले असत. घाई असलेला मनुष्य या गाडीत बसतच नसे. बसचे भाडे ज्याला परवडत नाही, त्याची ती गाडी होती.

आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहासही लोहमार्गापासून वेगळा काढता येत नाही. नागपूर धर्मप्रांत 1887 मध्ये स्थापन झाला आणि त्यातून 1955 मध्ये अमरावती धर्मप्रांत निर्माण झाला. त्याच्याही आधीपासून मुख्य मार्गावरील रेल्वेच्या गावांत नोकरीनिमित्त आलेली गोवेकर, तामीळ आणि अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबे राहत होती. मिशनरी आगगाडीने येत आणि स्थानकापासून पुढे बैलबंडीने किंवा पायी खेड्यांत जात. कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून शुभवर्तमानही आले. बांधणाऱ्याचा हेतू एक असतो आणि परमेश्वर त्या वस्तूचा उपयोग आणखी कशासाठी करून घेतो, याचे हे एक उदाहरण मानता येईल.

2010 नंतरच्या दशकात या मार्गावरील वाहतूक टप्प्याटप्प्याने थांबली. 2016 मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या कारकिर्दीत यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गाचे ब्रॉड गेजमध्ये रूपांतर करण्याची आणि त्यासाठी सुमारे 1500 कोटी रुपयांची घोषणा झाली. तरी या मार्गावरून आजवर ब्रॉड गेजची गाडी धावलेली नाही. अचलपूर, परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर भागातील नागरिकांनी निवेदने दिली, आंदोलने केली. दरम्यान वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉड गेज मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला. म्हणजे यवतमाळला रेल्वे दुसऱ्या दिशेने येऊ घातली आहे. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव यांचा प्रश्न मात्र तसाच उरतो.

येथे दूरदेशीची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. वेल्समध्ये टॅलिलिन नावाचा एक अरुंद लोहमार्ग आहे. 1865 मध्ये तो पाटीच्या दगडांच्या खाणीसाठी बांधला गेला. लांबी जेमतेम 12 किलोमीटर. खाण बंद पडली, परंतु मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी आपण जिवंत असेपर्यंत गाडी चालवण्याचा शब्द दिला होता आणि तो पाळला. 1950 मध्ये त्यांचे निधन झाले. आता गाडी बंद पडणार हे उघड दिसत होते. तेव्हा टॉम रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने ऑक्टोबर 1950 मध्ये बर्मिंगहॅम येथे सभा भरली आणि एक संस्था स्थापन झाली. मालकाच्या पत्नीने सहकार्य केले. 14 मे 1951 रोजी स्वयंसेवकांनी आपली पहिली गाडी सोडली. रूळ इतके झिजलेले होते की त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम गवतच करीत होते, असे लोक विनोदाने म्हणत. सुट्टीच्या दिवशी कारकून, शिक्षक, कारागीर येत, गवत काढत, स्लीपर बदलत, तिकिटे देत. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेला जगातील हा पहिला लोहमार्ग, आणि तो आजही चालू आहे. पुढे ब्रिटनमध्ये असे अनेक बंद पडलेले शाखामार्ग लोकांनी पुन्हा उघडले.

त्या पहिल्या स्वयंसेवकांत अँग्लिकन पंथाचे एक धर्मगुरू होते, रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री. ‘थॉमस’ या निळ्या इंजिनाच्या बालकथांचे लेखक म्हणून आपल्या मुलांनाही ते अप्रत्यक्षपणे परिचित आहेत. 1952 मध्ये त्यांनी येथे गार्डचे काम केले. एकदा त्यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि अल्पोपाहार देणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या! ही फजिती त्यांनी पुढे आपल्या गोष्टीत वापरली. प्रवचनाच्या व्यासपीठावरून उतरून हातात झेंडा घेणाऱ्या या धर्मगुरूचा मला नेहमीच हेवा वाटत आला आहे.

मग शकुंतलेसाठी असे का होऊ नये? या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देऊ नये. टॅलिलिन 12 किलोमीटरचा, समुद्रकिनारी पर्यटकांच्या वाटेवरचा मार्ग आहे. शकुंतलेचा विस्तार 189 किलोमीटरचा आहे. आपल्या देशात रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या तपासणीशिवाय प्रवासी मार्ग उघडता येत नाही आणि ते योग्यच आहे. नेरळ–माथेरानची 1907 सालची गाडी 2019 च्या पावसात मार्ग वाहून गेल्याने बंद पडली आणि 2022 मध्ये नेरळपासून पुन्हा सुरू झाली, परंतु ते काम रेल्वे प्रशासनाने केले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या पट्ट्यात कास्तकार कर्जापायी जीव देतो, तेथे त्याच्या मुलाला शिक्षणासाठी आणि त्याच्या मालाला बाजारासाठी नियमित, स्वस्त गाडी मिळणे ही पहिली गरज आहे. हौशी लोकांच्या आनंदासाठी ब्रॉड गेज अडवून धरणे हा अन्याय ठरेल.

परंतु नवे रूळ येताना जुन्याची आठवण भंगारात जावी, हेही आवश्यक नाही. नागपूरच्या मोतीबाग येथे 2002 पासून नॅरो गेजचे संग्रहालय आहे. मूर्तिजापूर किंवा अचलपूरच्या स्थानकात एखादी जुनी इमारत, काही डबे आणि चारदोन फर्लांग रूळ जपले, तर वऱ्हाडच्या मुलांना आपल्या आजोबांचा काळ हाताने स्पर्श करून पाहता येईल. हे शासनाकडे मागावे. आणि जे शासनाला जमणार नाही ते आपण करावे. या मार्गावर राबलेले गँगमन, गार्ड, हमाल आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या आहेत काय? प्रत्येक धर्मग्रामातील युवकांनी एक वही घेऊन अशा चार घरी जावे. जुनी तिकिटे, छायाचित्रे, नेमणुकीची पत्रे जपून ठेवावीत. आपल्या धर्मग्रामांची बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकेही वाळवीच्या तोंडून वाचवावीत, कारण त्यांत वडिलांच्या नावापुढे त्यांचा रेल्वेतील हुद्दाही सापडू शकेल.

श्रमदान ही वेल्सकडून शिकण्याची गोष्ट नव्हे. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा मूर्तिजापूर तालुक्यात मामाच्या गावी वाढले. त्यांनी हाती खराटा घेतला आणि सांगण्याआधी झाडायला सुरुवात केली. पवित्र शास्त्रात नहेम्याच्या ग्रंथातही हेच दिसते. यरुशलेमचा पडलेला तट उभारताना सोनार, अत्तरवाले, व्यापारी, याजक सारेच कामाला लागले आणि पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधून काढला. आपल्या घरासमोर जेवढे पडले आहे तेवढे आपण उचलावे, इतकाच हा साधा नियम आहे.

कालिदासाच्या नाटकातील शकुंतलेला राजा विसरला होता. हरवलेली अंगठी सापडली तेव्हाच त्याला ओळख पटली, आणि ती अंगठी सापडली एका सामान्य कोळ्याला. वऱ्हाडच्या शकुंतलेची ओळखीची खूणही अशीच कुठल्यातरी घराच्या पेटीत पडून असेल. या येत्या सुट्टीत ती पेटी एकदा उघडून पाहावी, अशी वाचक बंधुभगिनींना माझी नम्र विनंती आहे.