शेजाराची संहिता : सई परांजपे यांचे दूरचित्रवाणी-लेखन

मराठी साहित्याच्या इतिहासात कादंबरी, कविता आणि नाटक यांना स्वतंत्र प्रकरणे मिळतात. आकाशवाणीवरील श्रुतिकेच्या वाट्याला, लेखक फारच मोठा असेल तर, एखादा परिच्छेद येतो. दूरचित्रवाणीसाठी झालेल्या लेखनाला मात्र सहसा तेवढीही जागा मिळत नाही. शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या गावी मराठी शिकवताना ही उणीव आम्हांला विशेष जाणवते. 'प्रसारमाध्यमांसाठी लेखन' हा भाग आता अभ्यासक्रमात रुळला आहे. पटकथेचे पान कसे मांडावे, दृश्याला क्रमांक कसा द्यावा, हे विद्यार्थी शिकतात. या लेखनाला आपल्याकडे काही परंपरा आहे काय, या त्यांच्या प्रश्नाला मात्र पाठ्यपुस्तक उत्तर देत नाही. ते उत्तर शोधताना सई परांजपे यांच्या कारकिर्दीकडे वळावे लागते.

१९ मार्च १९३८ रोजी लखनौ येथे जन्मलेल्या सईंचे आजोबा म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे. आई शकुंतला परांजपे या संततिनियमनाच्या प्रचारक आणि लेखिका, तर वडील रशियन चित्रकार. वयाच्या आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे पुणे आकाशवाणीवर निवेदन, मुलांचे कार्यक्रम, 'पत्तेनगरीत', 'शेपटीचा शाप' यांसारखी बालनाट्ये आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील शिक्षण अशी वाटचाल झाली. या क्रमाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचण्याआधी त्यांनी केवळ कानासाठी लिहिले होते, आणि जराही कंटाळा आला की उघडपणे चुळबूळ करणाऱ्या बालप्रेक्षकासाठीही लिहिले होते. त्यांच्या संवादांतील आटोपशीरपणाचे मूळ आम्हांला या दोन शाळांत दिसते.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. आरंभीच्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते, हे मराठी वाचक जाणतोच. १९६५ मध्ये दैनंदिन प्रसारण सुरू झाले. त्या काळातील दिल्ली केंद्रावर सई परांजपे यांनी निर्माती म्हणून काही वर्षे काम केले. 'निर्माता' या शब्दाने आज आपल्याला भांडवल गुंतवणारी व्यक्ती आठवते. सरकारी केंद्रातील निर्मात्याचे काम निराळे होते. विषय सुचवणे, संहिता लिहिणे किंवा लिहवून घेणे, नट जमवणे आणि तोकड्या साधनांत कार्यक्रम उभा करणे, हे सारे अनेकदा एकाच माणसाकडे असे. लेखक आणि निर्माता यांच्यातील भिंत तेथे मुळातच पातळ होती.

१९७२ मध्ये त्यांच्या 'द लिटल टी शॉप' या दूरचित्रवाणीपटाला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा उद्घाटनाच्या कार्यक्रमाची निर्मिती त्यांच्याकडे सोपवण्यात आली. 'स्पर्श' आणि 'चश्मेबद्दूर' या चित्रपटांची बीजे याच माध्यमात रुजली. 'रैना बीती जाए' या दूरचित्रवाणीपटातून पहिला घडला, 'धुआँ धुआँ'मधून दुसरा. 'स्पर्श'च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटांचे कौतुक करताना त्यांचा पहिला खर्डा छोट्या पडद्यावर लिहिला गेला होता, ही गोष्ट विसरली जाते.

१९८२ नंतर रंगीत प्रसारण आणि राष्ट्रीय कार्यक्रम आले. १९८४ मध्ये मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीतून उतरलेल्या 'हम लोग'ने मालिकेचे युग सुरू केले. त्याच वर्षी सईंची 'अडोस पडोस' आली आणि पुढच्या वर्षी 'छोटे बडे'. येथे एक सूत्र नजरेत भरते. त्यांच्या गाजलेल्या मराठी नाटकाचे नाव 'सख्खे शेजारी'. 'कथा' (१९८३) हा चित्रपट स. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावर आधारलेला, आणि त्याची घटना घडते ती चाळीत. पुढच्या एका मालिकेचे नावही 'हम पंछी एक चाल के'. शेजार हे त्यांच्या लेखनाचे केवळ स्थळ नसून कथन रचण्याची ती एक रीत आहे, असे आमचे मत आहे. रक्ताचे नाते नसताना परस्परांच्या आयुष्यात डोकावण्याचा हक्क माणसे कोठून मिळवतात, हा त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न आहे.

या प्रश्नाला दूरचित्रवाणी हे माध्यम विलक्षण अनुरूप होते. छोट्या पडद्यावर रणांगण मावत नाही. जिना, गॅलरी, स्वयंपाकघर मावते. शिवाय त्या वर्षांत मालिका पाहिली जाई तीही बहुधा शेजाऱ्याच्याच घरी. दौंडच्या रेल्वे वसाहतीत काय किंवा शिरूरच्या पेठेत काय, ज्या घरी संच असे त्या घरची बैठक संध्याकाळी गल्लीची होई. पडद्यावर शेजार, पडद्यासमोरही शेजार. लेखनाचा आशय आणि त्याच्या आस्वादाची परिस्थिती इतकी जुळून आल्याची उदाहरणे विरळा.

हे लेखन हलकेफुलके आहे, त्यात संघर्षाला धार नाही, असा आक्षेप घेता येईल. तो सर्वस्वी चुकीचा नाही. व्यवस्थेपेक्षा स्वभावावर त्यांचा भर अधिक असतो. पण त्यासमोर 'दिशा' (१९९०) ठेवावा लागतो. पाण्याअभावी गाव सोडून मुंबईच्या गिरणीत जाणारी माणसे आणि मागे राहून वर्षानुवर्षे विहीर खणणारा माणूस, हा त्याचा विषय. आमच्या तालुक्यांच्या जिरायती भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना त्यातील विहीर समजावून सांगावी लागत नाही. तेथेही गिरणी कामगारांची खोली हा एक शेजारच आहे, मात्र तो नाइलाजाने जुळलेला.

दुसरा आक्षेप भाषेचा. या मालिका हिंदीत असताना मराठीच्या वर्गात त्यांचे काय काम? मराठी नाटकातून चित्रपटाकडे, बालनाट्यातून बोधपटाकडे असा प्रवास करणाऱ्या लेखिकेची संवेदना भाषेच्या कुंपणाने तोडली, तर 'सख्खे शेजारी'चाही अर्थ अपुरा राहतो. 'कथा'तील हिंदी बोलणारी चाळ मराठी रंगभूमीवरूनच तेथे गेली आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. त्या काळी ध्वनिचित्रफीत महाग असे आणि एकाच फितीवर पुन्हा पुन्हा मुद्रण केले जाई. दूरदर्शनचे कितीतरी आरंभीचे कार्यक्रम अशा रीतीने पुसले गेले. संहिता छापण्याची प्रथा नव्हती. नाटक पुस्तकरूपाने उरले, चित्रपट फितीवर उरला. दूरचित्रवाणीसाठी लिहिलेले बरेचसे फक्त पाहणाऱ्यांच्या स्मरणात उरले. सईंनी 'सय' या आत्मकथनात (२०१६) स्वतःच्या कलाप्रवासाची नोंद केली, म्हणून त्यांच्याविषयी निदान इतके बोलता येते. त्यांच्या बरोबरीच्या अनेकांबाबत तेही शक्य नाही.

आज आमचे विद्यार्थी दैनंदिन मालिका भ्रमणध्वनीवर, एकेकटे पाहतात, आणि त्यांतील काहींना त्या लिहायच्याही आहेत. त्यांना आम्ही आधी एक स्वाध्याय देऊ इच्छितो. ज्या पिढीने 'अडोस पडोस' शेजारच्या ओसरीवर बसून पाहिली, ती अजून आपल्या घरांत आहे. त्यांच्याकडून प्रसंग, पात्रे, आठवणारे संवाद लिहून घ्यावेत आणि एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी ताडून पाहावी. हरवलेली संहिता त्यातून संपूर्ण मिळणार नाही. पण साहित्येतिहासात निदान तिच्या नावाचे पान उघडता येईल.