शील, अध्ययन आणि प्रार्थना : ठाण्याच्या बेने इस्रायल समाजाच्या इतिहासातील क्रमविपर्यय

ठाणे शहरातील ‘शाआर हाशामाईम’ या यहुदी प्रार्थनामंदिराची स्थापना इ. स. १८७९ मधील. ‘स्वर्गाचे द्वार’ हा या हिब्रू नावाचा अर्थ असून ते याकोबाच्या स्वप्नाच्या कथेतून आले आहे. येथे प्रार्थना हिब्रूत चालते; प्रार्थना करणाऱ्यांची मातृभाषा मात्र मराठी. या दोन भाषांना जोडणारी अध्ययनाची परंपरा मंदिराच्या स्थापनेसमयी फार जुनी नव्हती. त्यांचे धर्माचरण मात्र कित्येक शतकांचे होते. हा क्रम यहुदी शास्त्रकारांना अपेक्षित असलेल्या क्रमाच्या नेमका उलट आहे.

शास्त्रकारांची भूमिका थोडक्यात अशी. मिश्नातील ‘पिर्के आवोत’ या प्रकरणात जगाचे तीन आधार सांगितले आहेत : तोरा म्हणजे धर्माध्ययन, आवोदा म्हणजे उपासना आणि गेमिलुत हसादीम म्हणजे परोपकाराची कृत्ये. ‘आवोदा’ हा शब्द मुळात सेवा किंवा श्रम या अर्थाचा. तो मंदिरातील बलिविधीला लावला जाई, इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर नष्ट झाल्यावर त्या विधीची जागा प्रार्थनेने घेतली. अध्ययन श्रेष्ठ की कृती, हा वाद लोद येथे झाल्याचे तालमूद सांगते. तार्फोनने कृतीचा पक्ष घेतला, अकिवाने अध्ययनाचा. सभेने कौल अध्ययनाला दिला. पण कारण असे सांगितले की, अध्ययन कृतीकडे नेते. म्हणजे अध्ययनाचे मूल्यही शेवटी आचरणावरच तोलले गेले.

कोकणात काय घडले? नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज आले, अशी बेने इस्रायलांची परंपरा आहे. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आठव्या दिवशी मुलाची सुंता होई. निषिद्ध मासा घरात शिजत नसे. कोचीनचे व्यापारी येहेज्केल राहाबी यांनी १७६८ च्या पत्रात या लोकांचे वर्णन केले आहे. त्यानुसार ‘शेमा’ ही एकच प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती, एवढेच त्यांना ठाऊक होते. ग्रंथ नव्हता, गुरू नव्हता.

त्यांच्या सणांची जुनी नावे या दृष्टीने फार बोलकी आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात ती नोंदविली आहेत. प्रायश्चित्ताचा दिवस हा ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घेत. वल्हांडण म्हणजे आंबट पदार्थाचे मडके झाकण्याचा, ‘अनाशी ढाकण्याचा’ सण. मंदिराच्या नाशाचा शोकदिन तो ‘बिरड्यांचा सण’. सण कशाच्या स्मरणार्थ आहे, हे यांपैकी एकही नाव सांगत नाही. त्या दिवशी काय करावयाचे, एवढेच सांगते. अर्थ विस्मृतीत गेला, कृती उरली आणि कृतीलाच नाव मिळाले. ‘रोजा’, ‘उरूस’ ही पदे असलेली नावे उत्तरकालीन थरातील दिसतात. पण तो स्वतंत्र विषय होय.

दावीद राहाबी नामक गुरूची कथाही हेच सुचविते. त्याने स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले; त्यांनी पर व खवले नसलेले बाजूस सारले. ही ओळख पटल्यावरच त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकविले. गुरूचा काळ विवाद्य आहे. कथेचा रोख विवाद्य नाही. येथे अध्ययनाने आचरण निर्माण केले नाही. आचरणाने अध्ययनाचा अधिकार मिळवून दिला, आणि तोही स्वयंपाकघरातील आचरणाने.

पुढील वाटचाल वेगाची आहे. १७९६ मध्ये सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कोचीनचे शिक्षक आले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत दिले. त्यांचा हेतू धर्मांतराचा, फळ मात्र स्वधर्माच्या अध्ययनाचे! जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. लोहमार्ग १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणास पोहोचला. रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्यांनी कोकणातील कुटुंबे शहरांत आणली. ठाण्याचे मंदिर या स्थलांतराच्या काळातील आहे.

अध्ययनाने आचरण सुधारलेच, असे मात्र म्हणता येत नाही. ‘गोरा’ व ‘काळा’ इस्रायल हा भेद, मिश्र विवाहाच्या संततीला कमी लेखण्याची ती रीत, अध्ययन वाढल्यानंतरही विसाव्या शतकापर्यंत टिकली. लोदच्या सभेने दिलेले कारण येथे लागू पडत नाही.

१९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. भारतात राहिलेल्यांचे ठाणे हे मोठे केंद्र बनले. गेलेल्यांपुढे तोच जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९६२ मध्ये तेथील प्रमुख धर्मपीठाने निर्देश काढला : बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. आक्षेप असा की, शास्त्रज्ञ गुरूंच्या अभावी त्यांचे पूर्वीचे घटस्फोट व विवाह शास्त्रोक्त झाले असतील याची खात्री नाही. अध्ययन नव्हते, म्हणून आचरण संशयास्पद. शतकानुशतके पाळलेल्या शनिवारला या युक्तिवादात स्थान नव्हते. यरुशलेममध्ये निदर्शने झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याची भूमिका मान्य केली. त्यानंतर धर्मपीठाने निर्देशातील समाजाचे नाव वगळले. ज्यांच्याविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करण्याचे कलम मात्र राहिले.