आधी काम, मग कुत्रा

पहिलाच बंदुकीचा कुत्रा घ्यायचा, तर तो कोणत्या जातीचा घ्यावा, हा प्रश्न विलायतेतला नवशिका शिकारी आजही जाणत्यांना विचारतो. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी हौशी शिकारीचे दार बंद केले, आणि मी पडलो शाळामास्तर. माझा बंदुकीशी संबंध पुस्तकापुरता. मग दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण चकलीच्या आशेने आपल्या पायाशी बसलेला लॅब्रॅडॉर याच कुळातला आहे. तेव्हा त्याच्या पूर्वजांची थोडी चौकशी करायला हरकत नाही.

बंदुकीचा कुत्रा म्हणजे स्वतः शिकार मारणारा कुत्रा नव्हे. आपला कारवानी डोळ्यांनी ससा हेरतो आणि पायांनी गाठतो. त्याला बंदुकीची गरज नाही. बंदुकीचा कुत्रा मात्र माणसाचा सोबती. पक्षी हुंगून दाखवायचा, झुडपातून उठवायचा किंवा पडलेला आणून द्यायचा, एवढेच त्याचे काम. गंमत अशी, की यांतली काही कामे बंदुकीहूनही जुनी आहेत. केंब्रिजचा विद्वान वैद्य जॉन कीझ याने १५७० साली इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली. पक्ष्याचा वास लागताच जमिनीला चिकटून बसणारा कुत्रा तीत आहे. तो बसला की शिकारी पुढे होऊन पक्ष्यांवर जाळे ओढी. हाच सेटरचा पूर्वज. स्पॅनियल झुडपातून पक्षी उठवी आणि वरून ससाणा झडप घाली. पुढे जाळे गेले, ससाणा गेला, बंदूक आली. कुत्र्यांनी मात्र जुनी विद्या सोडली नाही.

ठासणीच्या बंदुकीचे दिवस सबुरीचे होते. एक बार काढावा, पुन्हा दारू भरावी, छर्रे ठासावेत, मग पुढचे पाऊल. अशा वेळी वास येताच पुतळ्यासारखा उभा राहणारा पॉइंटर म्हणजे शिकाऱ्याचे भाग्यच. पण १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लफोशो या फ्रेंच कारागिराची मागून काडतूस भरायची बंदूक इंग्रजांनी पाहिली, आणि थोड्याच वर्षांत सारा डाव पालटला. आता हाकारे पक्षी हाकलीत आणि साहेबलोक एका जागी उभे राहून बारावर बार काढीत. पक्षी दाखवणाऱ्याची गरज उरली नाही. पडलेले शोधून आणणारा हवा झाला.

तो सापडला समुद्रापार. न्यू फाउंडलंडच्या कोळ्यांपाशी पाण्यात बेधडक शिरणारे काळे कुत्रे होते. कर्नल हॉकर याने १८१४ च्या आपल्या शिकारीच्या पुस्तकात त्यांचे गुण वर्णिले आहेत. माम्सबरीच्या आणि बक्लूच्या उमराव घराण्यांनी ते वंश जतन केले, आणि १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने लॅब्रॅडॉरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्याचा तो न्यू फाउंडलंडचा मूळपुरुष मात्र विसाव्या शतकातच नामशेष झाला.

सोनेरी रिट्रीव्हरची कथा याहून मौजेची. रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांपासून तो झाला, असे लोक वर्षानुवर्षे सांगत. लॉर्ड ट्वीडमाउथ यांची हस्तलिखित नोंदवही १९५२ साली छापून प्रसिद्ध झाली, तेव्हा खरे उघड झाले. पिवळा 'नूस' आणि पाणस्पॅनियल जातीची 'बेल' यांना १८६८ साली स्कॉटलंडात झालेली पिल्ले, हे त्या कुळाचे मूळ. दंतकथेवर टिपणवहीने केलेली ही मात इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला आवडल्यावाचून कशी राहील?

जर्मनीत मात्र वेगळेच घडले. १८४८ च्या क्रांतीने शिकारीवरची सरदारांची मक्तेदारी मोडली. साध्या गृहस्थाला चार जातींचे चार कुत्रे कुठून परवडणार? त्याला एकच हवा होता. शोधणारा, दाखवणारा आणि आणणाराही. त्यातून जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरसारख्या जाती घडल्या. म्हणजे कुत्र्याची जात कधी बंदुकीने ठरवली, तर कधी कायद्याने.

रूपाचा सोस आला तो यानंतर. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, आणि बक्षिसे होती बंदुका! १८६५ साली रानात प्रत्यक्ष कामाची परीक्षाही सुरू झाली. पण पुढे वाटा फुटल्या. एकाच जातीत मखरात शोभणारे वंश वेगळे आणि चिखलात राबणारे वंश वेगळे, असे होऊन बसले.

म्हणून विलायतेतले जाणते नवशिक्याला उलट विचारतात: तुझे रान कसले? उघड्या डोंगरमाळाशिवाय सेटरचा जीव रमत नाही. स्पॅनियल चपळ, पण नवख्याच्या हातून निसटायला त्याला वेळ लागत नाही. जर्मन वळणाचा सर्वगुणी कुत्रा शिकवायला गुरूही तसाच लागतो. बहुतेकांचा कौल पडतो तो कामकरी वंशाच्या, शांत स्वभावाच्या लॅब्रॅडॉरवर. आईबाप कामात कसे आहेत ते पाहा, रंगाला भुलू नका, असे ते बजावतात.

हा सल्ला बंदूक नसलेल्या आपल्यालाही लागू आहे. १९९३ च्या बाँबस्फोटांच्या वेळी मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' नावाच्या लॅब्रॅडॉरने दडवलेली स्फोटके हुंगून काढली आणि कितीएक जीव वाचवले. २००० साली तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. कामाचे स्वरूप बदलले, नाक तेच राहिले. शेकडो वर्षे कामासाठी घडवलेला हा जीव आपण दोन खोल्यांच्या घरात आणतो, गॅलरीत बांधतो आणि मग तो चपला कुरतडतो म्हणून कपाळाला हात लावतो. दोष त्याचा नव्हे. त्याला रोज मैदानात न्यावे, चेंडू फेकावा, लपवलेली वस्तू शोधायला लावावी. तेवढी सवड नसेल, तर कुत्रा न घेणे हीच त्याच्यावरची खरी माया.