बायबलमध्ये पुस्तके किती? ‘अपोक्रिफा’ ग्रंथांचा दर्जा

बायबल हा सर्व ख्रिश्चनांचा एकच, ठरलेला ग्रंथ आहे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलमध्ये ७३, तर इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत ८१. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्या नव्या करारातील २७ पुस्तके सारखीच आहेत. वाद आहे तो जुन्या करारातील सात पुस्तकांचा.

वादातील पुस्तके

तोबित, ज्युडिथ, शलमोनचे ज्ञान, सिराक, बारूख आणि मॅकाबी १ व २ ही ती पुस्तके. एस्तेर व दानिएल या पुस्तकांतील काही भागही वादात आहेत. ज्यू धर्मग्रंथांच्या प्राचीन ग्रीक संग्रहात (सेप्टुअजिंट) ही पुस्तके होती. हिब्रू धर्मग्रंथांत मात्र ती नाहीत. सुरुवातीचे बहुतेक ख्रिश्चन ग्रीक संग्रहच वापरत. लॅटिन अनुवादक जेरोम यांनी या पुस्तकांना दुय्यम मानले, तर त्यांचे समकालीन ऑगस्टीन यांनी ती प्रमाण मानली.

१६ व्या शतकातील फूट

मार्टिन ल्यूथर यांनी १५३४ च्या जर्मन बायबलमध्ये ही पुस्तके वेगळ्या विभागात टाकली : वाचायला चांगली, पण धर्मग्रंथाच्या बरोबरीची नाहीत. यामागे सिद्धांताचा झगडाही होता. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या कॅथलिक प्रथेला मॅकाबीच्या दुसऱ्या पुस्तकातून आधार दिला जाई. उत्तरादाखल कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत ८ एप्रिल १५४६ रोजी ती पूर्ण प्रमाण ठरवली. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्येही ती स्वतंत्र विभागात होती. १८२६ मध्ये ब्रिटिश बायबल सोसायटीने त्यांच्या छपाईला पैसा न देण्याचे ठरवल्यावर बहुतेक प्रोटेस्टंट प्रतींतून ती दिसेनाशी झाली.

‘दडवलेली पुस्तके’?

‘अपोक्रिफा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘लपवलेले’. म्हणून ‘चर्चने लपवलेली पुस्तके’ असे मेसेज फिरतात. पण वरील सात पुस्तके कॅथलिक चर्चमध्ये आजही वाचली जातात. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे पूर्ण स्वरूपात सापडलेले ‘थॉमसचे शुभवर्तमान’ ही वेगळी गोष्ट आहे. ते कोणत्याही प्रमुख चर्चच्या यादीत नाही. ‘हनोखचे पुस्तक’ बहुतेक चर्च मानत नाहीत, इथिओपियात मात्र ते प्रमाण आहे.

आपल्यासाठी महत्त्व

धर्मग्रंथांची यादी माणसे ठरवतात, हे आपल्या परंपरेतही दिसते. ‘मिलिंदपञ्ह’ म्यानमारमध्ये तिपिटकाच्या खुद्दकनिकायात धरतात, थायलंडमध्ये नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बुद्धवचन पारखण्यासाठी बुद्धिवादाची आणि मानवी कल्याणाची कसोटी सांगितली आहे. इतरांच्या ग्रंथांची चिकित्सा करताना कार्यकर्त्यांनी आधी माहिती तपासावी, आणि तीच कसोटी आपल्या ग्रंथांनाही लावावी.