मेजवानीतलं मेज

मेजवानी म्हटलं की डोळ्यांसमोर पंगत येते: पाट, केळीचं पान, ताटाभोवतीची रांगोळी. शब्दाच्या पोटात मात्र टेबल दडलंय. फारसीत ‘मेज’ म्हणजे टेबल आणि ‘मेजबान’ म्हणजे यजमान; मराठी मेजवानी त्यातूनच आली.

टेबल आलं इंग्रजीतून. त्याचं मूळ लॅटिन ‘टॅब्युला’, म्हणजे फळी.

सरकारी कचेरीत याच फळीला अधिकार चिकटतो. ‘साहेब, तुमची फाइल पलीकडच्या टेबलाला गेली’ म्हणजे काम दुसऱ्या कारकुनाकडे गेलं. ‘टेबल बदललं’ म्हणजे जबाबदारी बदलली. ‘टेबलाखालून’चा अर्थ तर फोड करून सांगावाच लागत नाही.

विधिमंडळात मात्र कागदपत्रं टेबलावर नव्हे, ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवतात. इंग्रजी संसदीय परिभाषेतल्या टेबलासाठी तिथे संस्कृत ‘पटल’ रुळलं आहे.