टांगा, व्हिक्टोरिया आणि त्यांचे गाडीवान

घोलवड स्टेशनवर उतरावे आणि टांग्यात बसून बोर्डी गाठावी, ही या किनाऱ्यावरची एके काळची रीत. टांग्याला दोन चाके. उतारू पाठीला पाठ लावून बसत, त्यामुळे मागच्यांना मागे पडणारा रस्ताच तेवढा दिसे. वाहन साधे व गरजेपुरते. थाट पाहावा तो मुंबईच्या व्हिक्टोरियाचा.

व्हिक्टोरियाला चार चाके, मागे पडणारा टप, बाजूंना दिवे आणि गाडीवानाची बैठक उंच. इंग्लंडच्या राणीचे नाव घेऊन ही गाडी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत रुळली. शेटजींच्या पदरी असलेला कोचमन फेटा बांधून, कमरपट्टा कसून बसे, आणि त्याच्या ऐटीवरून घराची पत ओळखली जाई! भाड्याच्या गाडीवानांनी तोच रुबाब उचलला. त्यांत मुसलमानांचा भरणा मोठा होता. घोड्याला खरारा करणे, तोबरा बांधणे, नाल ढिली झाल्याचे नुसत्या आवाजावरून ओळखणे, ही विद्या बापाकडून मुलाकडे येई. तिचे प्रमाणपत्र कोणत्याही शाळेत मिळत नसे.

9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 साली विजेची आली, 1911 साली टॅक्सी आली. व्हिक्टोरिया या साऱ्यांना पुरून उरली. 1964 साली ट्राम बंद पडली, तरी ही गाडी मरीन ड्राइव्हवर आणि गेटवेजवळ सैलान्यांना फिरवीतच होती. 1972 साली तिच्या नावाचा ‘व्हिक्टोरिया नंबर 203’ हा चित्रपटही गाजला.

परंतु डांबरी रस्ता घोड्याच्या खुरांना मानवत नाही आणि दाटीवाटीच्या तबेल्यांत जनावरांचे हाल होत, ही तक्रार खोटी नव्हती. जून 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेखातर चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्यास सांगितले. मुक्या जनावराच्या बाजूने निकाल योग्यच झाला, असे आम्हांस वाटते. मात्र ज्या हातांना लगामाखेरीज दुसरे काही ठाऊक नव्हते, त्यांचे काय? 2017 साली सरकारने त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या: एक लाख रुपये, अथवा फेरीवाल्याचा परवाना. घोडा ओळखणाऱ्या माणसाने टोपलीत माल मांडून बसावे, ही वाट सोपी नव्हे.

मार्च 2021 मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया मुंबईच्या रस्त्यावर आल्या. घडण जुन्या गाडीसारखीच, पण पुढे घोडा नाही.