माळ, आरती आणि मीटिंग : खानदेशातील दारूमुक्तीच्या सामूहिक वाटा

पारोळ्यासारख्या बाजारपेठेच्या गावात दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला आज स्वमदत गटात जाण्याचा, म्हणजे त्याच व्यसनातून गेलेल्या माणसांनी परस्परांच्या आधारासाठी भरवलेल्या नियमित बैठकीत बसण्याचा, सल्ला दिला जातो, आणि ही पद्धत सर्वस्वी परकी असल्याचा समज त्यातून सहज होतो. तिचा आजचा आराखडा अमेरिकेतून आला हे खरे. परंतु दारू एकट्याच्या निर्धाराने क्वचितच सुटते, ती चारचौघांच्या साक्षीने सोडावी लागते, ही जाणीव खानदेशात त्याच्या कितीतरी आधीची आहे.

पारोळा तालुक्यातून वाहणारी बोरी नदी पुढे अमळनेरला जाते, जेथे सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे वारकरी परंपरा दृढ झाली. या परंपरेत ‘माळ घालणे’ म्हणजे गळ्यात तुळशीची माळ धारण करून मद्यमांस वर्ज्य करण्याचे व्रत घेणे. माळकऱ्याचे व्रत साऱ्या गावाला दिसत असे, आणि एकादशी, भजन व वारी यांतून त्याला नवी संगत मिळे. मात्र ज्याचा पाय पुन्हा घसरला त्याच्या वाट्याला शरम येई, आणि परतीची वाट अवघड होई.

इंग्रजी अमलात दारूचा प्रश्न महसुलाशी जोडला गेला. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने मद्याची निर्मिती आणि विक्री सरकारी नियंत्रणाखाली आणली, त्यामुळे मोहाच्या फुलांपासून घरी दारू गाळणे हा गुन्हा ठरला आणि भिल्ल वस्त्यांना परवानाधारक दुकानदाराच्या दारात उभे राहावे लागले. पिण्याला बंदी नव्हती. पैसा तेवढा दुकानातून जावा अशी व्यवस्था होती. उधारी, सावकारी आणि दारू यांची गाठ त्यातून अधिक घट्ट झाली.

ही गाठ सोडवण्याचा खानदेशातील सर्वांत मोठा प्रयत्न तळोदा तालुक्यातील मोरवड येथे झाला. पारोळा तेव्हाच्या पूर्व खानदेशात, तर तळोदा पश्चिम खानदेशात होता. मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ च्या सुमारास आरतीचे मेळावे भरवण्यास आरंभ केला. दारू आणि मांस सोडावे, स्वच्छ राहावे आणि परस्परांना ‘आप’ असे आदराने संबोधावे, एवढीच त्यांची शिकवण होती. ज्यांना बाजारात आणि कचेरीत अरेतुरेच ऐकावे लागे, त्या माणसांनी एकमेकांना ‘आप’ म्हणणे ही या चळवळीतील सर्वांत खोल गोष्ट मानावी लागते, कारण सोडलेल्या दारूच्या जागी काहीतरी यावे लागते आणि येथे त्या जागी मान आला. गुलाम महाराज १९३८ मध्येच निवर्तले, पण त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी मेळावे चालू ठेवले. असंतोषाच्या भीतीने सरकारने त्यांच्यावर निर्बंध घातले आणि २ मार्च १९४३ रोजी रावलापाणी येथे जमलेल्या अनुयायांवर गोळीबार झाला. दारू सोडण्यासाठी एकत्र येणाऱ्या लोकांचा राजसत्तेला इतका धसका वाटावा, ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतिहासग्रंथांत आजवर मिळाली त्यापेक्षा फार मोठ्या जागेची हक्कदार आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, पण हातभट्ट्या चालूच राहिल्या. १९७२ नंतर शहादा परिसरात श्रमिक संघटनेच्या चळवळीतील आदिवासी स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली, तेव्हा नवऱ्याच्या व्यसनाची झळ सोसणारी बाई प्रथमच या इतिहासाच्या मध्यभागी आली.

या साऱ्या प्रयत्नांत व्यसन हे पाप, वाईट सवय किंवा शोषणाचे साधन मानले गेले होते. व्यसन हा आजार आहे, ही दृष्टी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या १९३५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि १९५७ पासून भारतात रुजलेल्या संघटनेने सर्वदूर नेली. महाराष्ट्रात तिला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने मराठी रूप दिले. मीटिंगमध्ये माणूस केवळ पहिले नाव सांगून स्वतःचा अनुभव मांडतो, ज्याला ‘शेअरिंग’ म्हणतात. कोणी उलटतपासणी घेत नाही, शुल्क नसते, आणि दारू थांबवण्याची इच्छा ही सभासदत्वाची एकमेव अट असते. ‘स्लिप’ झालेला, म्हणजे पुन्हा प्यायलेला, माणूस तेथे परत येऊ शकतो. माळेचे बळ सर्वांना दिसण्यात होते, तर या गटाचे बळ अनामिकतेत आहे.

जेथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो अशा गावात ही अनामिकता राखणे कठीण असते, म्हणून पारोळ्यातील माणसाने महामार्गावरील धुळे किंवा जळगाव येथील मीटिंग शोधणे यात कमीपणा काहीच नाही. या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि त्यांचा उपयोग अवश्य करावा, कारण दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवल्यास कंप, भ्रम आणि झटके येऊन जिवावर बेतू शकते. अशा माणसाने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी आणि मग गट धरावा. कुटुंबीयांसाठी ॲल-ॲनॉन हे स्वतंत्र गट असतात, आणि माहितीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.